एकीचाच दाखला

विजयदुर्गच्या हायस्कुलात मी आणि माझी मोठी बहीण साडेतीन महिने वर्गात बसलो, पण हजेरीपटावर आमची नावं नव्हती. मी सहावीत होते, ती नववीत. आमच्या बाई सकाळी मुलींची नावं ओळीने घेत. शेवटचं नाव झालं की पट मिटत आणि मग माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत. तू आलीस हे मला दिसलं, एवढंच त्यांना सांगायचं असे. बाई मनाने चांगल्या होत्या. घटक चाचणीचे पेपर वाटले तेव्हा माझाही पेपर त्यांनी तपासून आणला होता, पण गुण वहीत उतरवले नव्हते. उतरवणार कुठे? वहीत माझी ओळच नव्हती.

आम्ही मूळच्या मालवणच्या. बाबा ट्रॉलरवर खलाशी होते. मी तिसरीत असताना एकदा जाळं ओढताना त्यांचा उजवा हात दोरात सापडला. हात वाचला, पण दोन बोटं कायमची वाकडी राहिली आणि मूठ वळेना. त्यानंतर ते किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करायचे. मन लागलं तर दिवसभर, नाहीतर आठवडाभर नाही. बाबा दारू फारशी पीत नसत. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या घराची गोष्ट ऐकली की समोरचा माणूस आधी दारूच धरून चालतो. त्यांना पडायचा तो संशय. आई पर्यटकांच्या एका खाणावळीत भाकऱ्या करायला जायची. तिला घरी यायला थोडा उशीर झाला तरी ते दाराला आतून कडी घालून बसत. कधी ताटं भिरकावत, कधी आमच्याशी दोन-दोन दिवस बोलत नसत. असं फार झालं की आई आम्हा दोघींना घेऊन माहेरी, विजयदुर्गला, मामाकडे जायची.

पंधरा दिवसांनी, महिन्याने बाबा एसटीने मामाच्या दारात हजर व्हायचे. हातातल्या पिशवीत बांगडे असायचे. अंगणात उभे राहून ते रडायचे. मोठा माणूस इतका रडताना मी दुसरा पाहिला नाही. मामी पिशवी घेऊन आत जायची, आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परत मालवणला.

चौथी ते सहावीच्या दरम्यान असं चारदा झालं. थोड्या दिवसांसाठी दाखला कोण काढणार? तिकडे असलो की तिकडच्या शाळेत जाऊन बसायचं. पण दोन्ही शाळांत धडे काही एकाच वेळी चालत नसत. मी दशांश अपूर्णांक दोन वेळा शिकले आणि अपूर्णांकांचा भागाकार एकदाही शिकले नाही. मालवणला तो शिकवला तेव्हा मी विजयदुर्गला होते, आणि विजयदुर्गला शिकवला तेव्हा मालवणला. बहिणीच्या वह्या बघितल्या तर अर्ध्या एका शाळेच्या आणि अर्ध्या दुसऱ्या. मधली पानं ती कोरी सोडायची. कुणाची तरी वही मिळाली की उतरवून घेईन, असं म्हणायची.

ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. बहीण म्हणून सांगत नाही. ती सातवीत असताना भूगोलाच्या सरांनी तिला आठवीच्या वर्गात नेऊन फळ्यावर नकाशा काढायला लावला होता. विजयदुर्गपासून खाली रेडीपर्यंतचा सगळा किनारा, एकेक खाडी जिथल्या तिथे वळवत, तिने पुस्तकात न बघता काढला. आठवीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी ती वर्गात पहिली आली. पुढच्या वर्षी, आठवीत, तिचा नंबर नववा आला. प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षकांनी लिहिलं, ‘अभ्यासात सातत्य हवे.’ आईला वाचता येत होतं, पण सातत्य म्हणजे नेमकं काय ते तिने बहिणीलाच विचारलं. बहीण म्हणाली, “रोज एके जाग्यार बसान करूचा.” आईने खाली सही केली.

मी सहावीत गेले त्या जुलैत बाबांनी आईच्या अंगावर रॉकेलचा स्टोव्ह फेकला. स्टोव्ह पेटलेला नव्हता आणि तो तिला लागलाही नाही, भिंतीवर आपटला. पण या वेळी विजयदुर्गला आल्यावर आई म्हणाली, “आता मी थंय जावचंय नाय.” मामाने मालवणच्या शाळेत दाखल्यांसाठी अर्ज पाठवला. शाळेने सांगितलं, वडिलांची सही लागेल. बाबा शाळेत गेले, त्यांनी मुकाट्याने सही केली, दोघींचे दाखले हातात घेतले आणि घरी नेऊन ट्रंकेत ठेवले.

विजयदुर्गच्या हेडमास्तरांनी आम्हाला बसू दिलं. पण दर पंधरा दिवसांनी ते बहिणीला बोलावून विचारत, “दाखला आला का?” एकदा त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, “हिचं सहावीचं एक वेळ पुढेमागे होईल. पण तू नववीत आहेस. पुढच्या वर्षी दहावीचा फॉर्म भरायचा तर पटावर नाव लागतं. मला तुझ्यासाठी काही करता यायचं नाही.” ती “हो सर” म्हणून वर्गात आली. त्या दिवशी तिने डबा खाल्ला नाही, मला दिला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका शनिवारी आम्ही दोघी मालवणला निघालो. आई आली नाही. म्हणाली, “तुमी चेडवां जावा. तुमका नाय म्हणाचे नाय ते.” बसमध्ये बहिणीने माझं गणिताचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि मला तो राहिलेला भागाकार शिकवला. रस्ता वळणावळणाचा, मला मळमळत होतं, तरी तिने चार उदाहरणं माझ्याकडून करून घेतली.

बाबा दारात जाळं पसरून बसले होते. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला की आधी ते हसले आणि मग रडायला लागले. लगेच उठून कुठूनतरी बांगडे आणले, मसाला वाटला, तिरफळं घालून कालवण केलं. वाकड्या बोटांनी त्यांना सुरी नीट धरता येत नव्हती, पण बहिणीला हात लावू देईनात. “तू पावणी. बस.” घर आम्ही सोडून गेलो होतो तसंच होतं, फक्त जास्त मळलेलं. भिंतीवर स्टोव्ह आपटल्याचा डाग होता. मी त्याकडे बघते आहे हे त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

जेवण झाल्यावर बहिणीने सरळ म्हटलं, “बाबा, दाखले दिया. माझा नाव लागूक नाय.”

बाबांनी ताटं उचलून मोरीत ठेवली. मग म्हणाले, “दाखले माझ्याकडे आसत तवसर तुमी येतलास. ते दिलंय की संपला. मग कोण येतला माझ्याकडे?”

“आमी येतलो.”

“नाय येवचास.”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. “तू वाईच भायर बस गो,” म्हणाली.

मी बाहेर जाळ्याशेजारी बसले. आतून त्यांचे आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. बाबांचा आवाज एकदा चढला, मग उतरला. नंतर बराच वेळ फक्त तीच बोलत होती, हळू, बाई एखादं गणित पुन्हा समजावून सांगतात तशी. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एकच कागद होता.

“ह्यो तुझो,” ती म्हणाली. “माझो बाबा मागसून देतले. मी चार दिस रवतंय हय. तू आज जा.”

मी विचारलं, “तू कधी येतलंस?”

“इलंय म्हणान समज.”

तिने मला स्टँडवर आणलं, विजयदुर्गच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं आणि कंडक्टरला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. गाडी सुटेपर्यंत ती खाली उभी होती. मला तिच्या चेहऱ्याकडे बघायचं सुचलंच नाही. मी सबंध प्रवासात दाखला पुन्हा पुन्हा काढून बघत होते. माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, ‘वर्तणूक चांगली’. खरं सांगायचं तर मी आनंदात होते.

घरी पोचले तेव्हा आई मामाच्या अंगणात कोळंबी सोलत बसली होती. तिने माझ्या मागे पाहिलं.

“ती खंय?”

“बाबांकडे. चार दिस रवतली.”

“तेंनी धरून ठेवल्यानी?”

“नाय. तीच रवली.”

आईने दाखला हातात घेतला नाही, हात ओले होते म्हणून. लांबूनच वाचला. मग पुन्हा कोळंबी सोलायला लागली. मामी आतून म्हणाली, “रवली तर रवांदे. बापसाक तरी कोण आसा?” चार दिवसांनी बहीण आली नाही, आठ दिवसांनीही नाही, आणि आई तिला आणायला गेली नाही. का गेली नाही हे मी आईला कधी विचारलं नाही. मामाच्या पडवीत आम्ही तिघी दाटीवाटीने झोपायचो, आता दोघीच होतो. मामीच्या बोलण्यातली धार थोडी कमी झाली होती. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं.

मी परतल्यावर लगेच सोमवारी हेडमास्तरांनी दाखला घेतला. मंगळवारी बाईंनी सगळ्यात शेवटी माझं नाव घेतलं. मी “हजर बाई” इतक्या मोठ्याने म्हटलं की मुली हसल्या. नंतर मधल्या सुट्टीत मी नववीच्या वर्गावरून गेले. खिडकीजवळच्या तिच्या बाकावर दुसरी मुलगी सरकून बसली होती.

त्यानंतर मी दहावी होईपर्यंत त्याच एका शाळेत राहिले. माझ्या वह्यांत कोरी पानं राहिली नाहीत. सातवीत माझे गुण वाढले, आठवीत आणखी वाढले. मी काही एकाएकी हुशार झाले नव्हते. जे शिकवलं जात होतं ते शिकवताना मी तिथे होते, इतकंच.

बाबांनी बहिणीचा दाखला ट्रंकेतून काढला आणि मालवणच्या त्याच शाळेत परत नेऊन दिला. तिची नववी कशीबशी पार पडली. मे महिन्यात मी आठ दिवस तिच्याकडे गेले, आणि पुढे ती दहावीत असताना दिवाळीतही. तेव्हा तिचा दिवस कसा जातो ते मी पाहिलं, शाळेचं तिच्याकडून कळलं. सकाळी उठून ती नळावर रांग लावायची. मग बाबांचं जेवण. मग आई पूर्वी जिथे भाकऱ्या करायची त्याच खाणावळीत जाऊन ही मासे साफ करायची. पर्यटक आले की मासे जास्त, वेळ जास्त. तिथून धावत घरी, साबणाने हात घासून, गणवेश घालून शाळेत. पोचेपर्यंत पहिला तास सुरू झालेला असायचा. पहिला तास गणिताचा. दहावीचं अख्खं बीजगणित तिने वर्गाच्या दाराबाहेर उभं राहून ऐकलं म्हटलं तरी चालेल.

“सरांका सांग ना,” मी म्हटलं.

“काय सांगू?”

“का उशीर होता ता.”

“एकदा सांगलंय. ते म्हणाले, सगळ्यांची काही ना काही कारणं असतात.” सरांचं वाक्य तिने सरांच्याच भाषेत सांगितलं. मग वास जातो का बघायला लिंबाची फोड बोटांवर घासत बसली. तिच्या बाकावरची मुलगी दुसऱ्या बाकावर गेली होती, हे मला तिने नाही, तिच्याच वर्गातल्या शेजारणीने सांगितलं.

बाबा तिच्याशी कसे वागायचे? बरे वागायचे. संशय गेला होता, आदळआपट थांबली होती. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की ते समोर बसून जाळं विणायचे आणि तिच्याशी बोलत राहायचे. त्यांना कुणीतरी बोलायला हवं असायचं. ती एक डोळा पुस्तकावर ठेवून हूं हूं करायची.

दहावीत ती गणितात आणि इंग्रजीत नापास झाली. बाकीच्या विषयांत पास होती, भूगोलात तर वर्गात सगळ्यात जास्त. बाबांनी शेजाऱ्याच्या फोनवरून मामाकडे कळवलं आणि फोनवर रडले. आईने फोन माझ्याकडे दिला. तिकडे बहीण होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “फेरपरीक्षा आसा. दोनच विषय. पास होतलंय मी.” आवाज अगदी नेहमीचा होता.

फेरपरीक्षेचा फॉर्म तिने भरला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाबा कुणालाही न सांगता गोव्याला निघून गेले. कुठल्याशा बोटीवर स्वयंपाक्याचं काम मिळालं होतं म्हणे. हे नंतर कळलं. तेव्हा नुसते घरातून गेले होते. बहिणीने बंदर पालथं घातलं, जेटीवरच्या प्रत्येक खलाशाला विचारलं, दोन दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली. इंग्रजीचा पेपर झाला तेव्हा ती तिथेच होती. गणिताच्या पेपराला गेली, पण तिला प्रश्न वाचूनही कळत नव्हते, असं ती सांगायची. त्यानंतर घराला कुलूप लावून ती विजयदुर्गला आमच्याकडे आली. ज्याच्यासाठी ती मागे राहिली तो माणूस सात महिने परतला नाही.

ती सतरा वर्षांची झाली होती. शाळेचं नाव घरात कुणी काढलं नाही. एप्रिलमध्ये आंब्याच्या कॅनिंगचं काम सुरू झालं, ती आईबरोबर जायला लागली. आंब्याच्या चिकाने तिची बोटं काळी पडली.

मी दहावीला शाळेत तिसरी आले. सत्काराला आई आली नाही, तिचा पाय दुखत होता, बहीण आली. हॉलमध्ये सगळ्यात मागे उभी राहिली. कार्यक्रम संपल्यावर माझ्या सहावीच्या बाई आमच्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बहिणीकडे बघून विचारलं, “या कोण?” त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. मग कौतुकाने म्हणाल्या, “घरातून दहावी होणारी तू पहिलीच ना?” बहीण हसून म्हणाली, “हो बाई, ही पहिलीच.” घरी येताना तिने माझं बक्षीस हातात घेतलं होतं. मी तिच्या दोन पावलं मागून चालत होते.

पुढे मी नर्सिंग केलं. तिचं लग्न कसालला झालं. हायवेवरच्या बाजारात तिचा नवरा चहा-वड्याची टपरी चालवतो, ती वडे तळते. नवरा समंजस आहे. दोघांना एक मुलगी आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबांना शेवटचं हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. एका दुपारी त्यांना सलाईन चालू होतं, आणि ते आपणहून म्हणाले, “मी दोनय दाखले देवचंय नाय होतंय. तिनाच सांगल्यान, एकीचो दिया, बदल्यात मी रवतंय. मी मागूक नाय गो. तिनाच सांगल्यान.” मी त्यांच्या हाताची पट्टी बघत राहिले. सुई नीट होती. चौथ्या दिवशी ते गेले.

बारा दिवस झाल्यावर मी बहिणीला विचारलं. ती कांदा चिरत होती. चिरायची थांबली नाही.

“तू ल्हान होतंस. तुझा नाव लागूक होया होता.”

“आणि तुझा?”

“माझा काय… माका वाटला जमात. बाबांचा जेवाण करीन, शाळेत जायन, दहावी होयन. तुझ्यासाठी काय केलंय असा समजू नको. माका खरंच वाटलेला, दोनय जमात.”

ती पुढे म्हणाली की पहिल्या महिन्यात तर जमतही होतं. मग कधी सुटलं ते तिलाही कळलं नाही. एक तास गेला, मग एक धडा गेला, मग फळ्यावरचं काहीच ओळखीचं वाटेना.

मी तिच्यासाठी सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी केली. बाहेरून दहावीला बसता येतं. दोन पुस्तकंही नेऊन दिली. तिने नाही म्हटलं नाही. दुपारी टपरीवर गर्दी नसताना ती पुस्तक उघडायची. पहिल्या प्रकरणातली पाच-सहा गणितं तिने सोडवलीही, सुवाच्य अक्षरात. मग एकदा गेले तेव्हा पुस्तकं आतल्या फळीवर ठेवलेली होती. म्हणाली, “डोक्यात रवना नाय गो आता. वाचतंय आणि वडे काढूक उठलंय की गेला.” मी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा जूनमध्ये तिच्या मुलीला पाचवीत घालायचं होतं. मला सुट्टी होती, मी बरोबर गेले. शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून आम्ही फॉर्म भरत होतो. ती सांगत होती, मी लिहीत होते. वडिलांचं शिक्षण, बारावी. त्याखाली आईचं शिक्षण. मी थांबले. ती रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, ‘दहावी’ लिहावं, कोण विचारणार आहे? पेन कागदावर टेकवून मी तशीच बसले होते. तिने हात पुढे केला, माझ्या बोटांतून पेन घेतलं, फॉर्म आपल्या मांडीवर ओढला आणि लिहिलं, नववी पास. अक्षर अजून तितकंच सुंदर आहे. मग पेन मला परत देऊन म्हणाली, “पुढचा वाच. काय विचारतत?”